ट्रीमधला चुकीचा बाप काढला तरी परत येतो, त्यावर शेवटी काय चाललं

आधी प्रॉब्लेम सांगतो. सॅम्युएल नावाचा एक विणकर, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एसेक्स काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हाच), १७३१ साली वारला. ऑनलाइन ट्रीमध्ये, म्हणजे साइटवरच्या सगळ्यांनी मिळून भरायच्या वंशवृक्षात, त्याला जो बाप लावलाय तो त्याचा बाप नाहीच. मी तो काढतो, कारण लिहितो, सेव्ह करतो आणि झोपतो. महिन्याभराने बघावं तर बाप परत जागेवर, आणि एकटा नाही, मागे आजोबा, पणजोबा, आणि पार वर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड अशी सगळी वरात घेऊन. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा काढला तो मात्र परत आला नाही, आता आठ महिने होतील, म्हणून लिहून ठेवतोय. आडनाव मुद्दाम देत नाही, सूनबाईंचं आजोळ आहे ते.

सूनबाई तिकडच्या. नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितला होता. आमच्या बाजूचं अर्ध्या तासात झालं, छापील कुलवृत्तांत आहे, त्यातून उतरवून दिलं (त्यातही काय काय भानगडी आहेत ते आता कळायला लागलंय). सूनबाईंच्या बाजूचं करायला म्हणून बसलो तो अजून उठलो नाही, नातू चौथीतून सहावीत गेला. विहीणबाईंनी एक पत्र्याचा डबा दिला, त्यात त्यांच्या आजीने टाइप केलेले बारा कागद, पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. पहिल्याच ओळीत काय, तर तीन भाऊ एका जहाजातून आले, एक इथेच राहिला, एक कनेक्टिकटला गेला, एकाचा पत्ता लागला नाही. मला हसूच आलं. आमच्याकडेही तीनच भाऊ कोकणातून घाट चढून वर आले म्हणतात आणि त्यातल्याही एकाचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या कागदावर घराण्याचं चिन्ह, सिंह वगैरे. आता इंग्लंडात असलं चिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात चालतं, त्यामुळे आडनाव टाकून दुकानातून घेतलेली ढाल भिंतीवर शोभून दिसेल पण पुरावा म्हणून शून्य. विहीणबाईंना हे अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या दिवाणखान्यात लावलीय.

तर बापाकडे येतो.

पहिली चूक माझीच. मला वाटलं कोणीतरी एक हट्टी बाई आहे आणि ती मुद्दाम परत लावते, कारण कोणी काय बदललं त्या हिस्टरीत दोनदा तिचंच नाव. जरा तिरकसच मेसेज टाकला. तिचं उत्तर इतकं सभ्य की मलाच लाज वाटली. ती म्हणाली मी मनाने काहीच लावलं नाही, साइटनेच हिंट दिली, म्हणजे ही नोंद या माणसाची असू शकेल असं सुचवलं, जन्माची नोंद होती, नाव जुळलं, काउंटी जुळली, वय जुळलं, मी हो म्हटलं. बाकी दोन वेळा दुसऱ्याच लोकांनी हेच केलं होतं, एकमेकांना न ओळखता. म्हणजे माणूस नाही, हिंट परत परत येतेय. हे डोक्यात आलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग दोन प्रश्न झाले, आणि हे दोन वेगळे आहेत, मी ते दीड वर्ष एकच समजत होतो. एक, ही चूक मुळात आली कुठून. दोन, मशीन तीच नोंद परत परत का पुढे करतंय.

पहिल्याचं उत्तर आधी. या सॅम्युएलला हाच बाप दाखवणारे दीडशेच्या वर ट्री सापडले, आणि इथेच भले भले फसतात, की एवढे लोक म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच. अरे पण ते एकमेकांचं उतरवून घेतायत की प्रत्येकाने वेगळं शोधलंय, हे कसं ओळखायचं? सोपी युक्ती आहे, चुका बघायच्या. बरोबर माहिती दोघांची सारखी असेल तर त्यातून काहीच कळत नाही, पण सारखी चूक असली की कॉपी पकडली, शाळेत मास्तर पकडायचे तसं. आमच्या केसमध्ये त्या तथाकथित आईची मृत्यूची तारीख ३१ जून होती. जूनला ३१ तारीख नसते हो! आणि ही ३१ जून जवळजवळ प्रत्येक ट्रीत, अगदी त्या राजावाल्या ट्रीतसुद्धा. म्हणजे दीडशे साक्षीदार नाहीत, साक्षीदार एक आणि त्याच्या दीडशे झेरॉक्स.

तो एक साक्षीदार म्हणजे एका घराण्याचं छापील पुस्तक, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, आपल्या कुलवृत्तांतासारखंच. स्कॅन काढून ते पान वाचलं तर ३१ जून तिथेच छापलेला, पण गंमत पुढे आहे. लेखकाने सॅम्युएलच्या नावापुढे चक्क लिहिलंय की हा बहुधा अमक्याचा मुलगा असावा. बहुधा! त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे अंदाज म्हणून लिहिलं, पुढे कोणीतरी उतरवताना ‘बहुधा’ गाळला, कारण ट्रीमध्ये बापाच्या चौकोनात बहुधा लिहायला जागाच नसते, नाव तरी टाका नाहीतर रिकामं ठेवा.

त्या काळच्या पुस्तकांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळेच बहुधावाले नव्हते, काही सरळ ठग होते. गुस्ताव्ह अँजू नावाचा एक गृहस्थ होता, १८६३ ते १९४२, पैसेवाल्या अमेरिकन लोकांना भरभक्कम पैसे घेऊन वंशावळी करून द्यायचा. नेहमीचा मसाला म्हणजे खऱ्या नोंदी भरपूर, आणि मध्येच जिथे सांधा जुळत नाही तिथे घरी बनवलेलं एखादं मृत्युपत्र. अशा शंभरच्या आसपास वंशावळी लायब्ररीत पडून आहेत आणि लोक अजून त्यातून उचलतायत. त्याच्याआधी होरेशियो गेट्स सोमर्बी, तो न्यू इंग्लंडच्या (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) लोकांसाठी इंग्लंडात जाऊन मुळं शोधायचा आणि नाही सापडली तर लावून यायचा. त्यामुळे ट्रीला सोर्स जोडलाय एवढ्यावर जाऊ नका, तो सोर्स कोणी लिहिला, कधी, कोणाच्या पैशाने, हे बघा. या सगळ्याला वैतागून डोनाल्ड लाइन्स जेकबस या माणसाने १९२२ साली न्यू हेवनमधून एक मासिक सुरू केलं आणि मूळ कागद दाखवा मग बोला ही शिस्त तिकडे रुजवली. १६२० ते १६४० मध्ये आलेल्या लोकांसाठी तर ग्रेट मायग्रेशन नावाचा प्रकल्प आहे, बॉस्टनच्या १८४५ साली स्थापन झालेल्या वंशावळ सोसायटीचा, रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी चालवलेला. त्यात एकेका माणसाखाली काय सिद्ध आहे आणि काय नुसतं म्हणतात हे वेगळं लिहिलेलं असतं. तुमचा माणूस त्या काळात आलेला असेल तर आधी तिथे बघा, मग बाकी ट्री उघडा.

आणि राजांचं म्हणाल तर सगळंच खोटं नसतं. अ‍ॅन हचिन्सन, जिला मॅसॅच्युसेट्समधून हाकलून दिलं होतं, ती खरोखर पहिल्या एडवर्डच्या वंशातली, ते सिद्ध आहे. म्हणून तर असल्या लोकांना आपली फांदी जोडायचा मोह होतो.

आता दुसरा प्रश्न, हिंट का येते. यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले आणि उत्तर बघाल तर दोन मिनिटांचं.

मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या जुन्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून काढलेल्या आहेत, १८५० च्या आतल्या. मूळ गावच्या वहीत या नोंदी घराप्रमाणे किंवा काळाप्रमाणे असतात, छापताना सगळं आडनावाप्रमाणे लावलं, आणि मोठ्या गावांचे दोन खंड केले, एकात जन्म, दुसऱ्यात लग्नं आणि मृत्यू. त्या चुकीच्या बापाला, जो लाकडी पिंपं बनवायचा, १६६८ साली सॅम्युएल नावाचा मुलगा झाला हे शंभर टक्के खरं आहे, पहिल्या खंडात आहे. लोकांनी पहिला खंड बघितला आणि मिटला. मी पण. एके दिवशी दुसऱ्याच कोणाचं तरी शोधताना दुसरा खंड उघडा होता आणि त्याच आडनावाखाली दिसलं, सॅम्युएल, अमक्याचा मुलगा, मेला, सप्टेंबर १६७३. पाच वर्षांचा पोर. ज्याला आपण विणकर करून, लग्न लावून, सात मुलांचा बाप केला होता तो पाचव्या वर्षीच गेला होता.

हिंट का येत होती कळलं ना? त्या पोराचं स्वतःचं पान ट्रीत नव्हतंच. मग १६६८ ची जन्माची नोंद लोंबकळत राहिलेली, आणि मशीन ती जवळच्या जवळ मोकळ्या सॅम्युएलला देऊ करतंय, कारण आमच्या विणकराची जन्मनोंद रिकामी होती. एकाकडे नोंद आहे पण माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे पण नोंद नाही, म्हटल्यावर लग्न लागणारच.

मग केलं काय, तर नुसतं डिलीट नाही. त्या पाच वर्षांच्या मुलाचं वेगळं पान बनवलं, त्याच्या खऱ्या आईबापाला जोडलं, जन्माची नोंद त्याला लावली, मृत्यूची नोंद त्याला लावली. विणकराच्या पानावर अगदी वर चार ओळींची नोट, की अमक्या बापाचा १६६८ चा मुलगा तो हा नव्हे, तो १६७३ ला वारला, नोंद इथे आहे, आणि खरा बाप कोण त्याचे कागद खाली. दोन्ही पानांना ‘हे दोघे एक नाहीत, मर्ज करू नका’ अशी खूण केली, बहुतेक साइटवर ती सोय असते. दुसऱ्या दिवशी हिंट गेली. मी चार वेळा झाडू मारत होतो आणि नळ चालूच होता.

खरा बाप कोण हे कसं ठरलं, हे जरा सविस्तर लिहितो. विणकराची जन्मनोंद कुठेच नाही, वही हरवली असेल नाहीतर लिहिलंच नसेल, दोन्ही चालायचं तिकडे. मग जमिनीकडे वळलो. आपल्याकडे कसं, जन्मदाखला नसला तरी फेरफारात वारस म्हणून नाव लागलेलं असतं, तसंच. १७०२ च्या एका डीडमध्ये, म्हणजे जमिनीच्या खतात, सॅम्युएल, धंदा विणकर, आणि बायको मेरी, एक तुकडा विकतायत आणि त्यात लिहिलंय की ही जमीन माझे वडील जॉन यांच्या इस्टेटीतून वाट्याला आली. मग जॉनची फाइल. जॉन १६९४ ला मृत्युपत्र न करता वारला, त्यामुळे कोर्टाने वाटणी केली, विधवेला तिसरा हिस्सा, थोरल्या मुलाला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक. हा तेव्हाचा तिथला कायदाच होता, आणि त्याचा फायदा असा की दोन वाटे कोणाला मिळाले बघितलं की थोरला कोण ते वय न लिहिताही कळतं. सॅम्युएलला एक वाटा. शेवटी दोघांच्या मालमत्तेच्या याद्या समोरासमोर ठेवल्या. जॉनच्या यादीत गाय, तवा, गादी, आणि एक शब्द जो मी दोन दिवस लॅम्ब, म्हणजे कोकरू, म्हणून वाचत होतो. ‘लोम’ आणि त्याचं सामान. कोकराचं कसलं सामान? मग पेटली ट्यूब, लूम, हातमाग! स्पेलिंग त्या काळी जसं तोंडात येईल तसं. सॅम्युएलच्या १७३१ च्या यादीतही माग आहे. पिंपवाल्याच्या यादीत पिंपाच्या फळ्या आणि हत्यारं आहेत, माग नाही.

एक इशारा. पिंपवाल्याच्या मृत्युपत्रात सॅम्युएलचं नाव नाही, हा मी आधी मोठा पुरावा समजत होतो, पण तो एकट्याने उभा राहत नाही, कारण मुलाला त्याचा वाटा आधीच दिलेला असला तर बाप नाव घालतोच असं नाही. मुलाच्या मृत्यूची नोंद आणि डीड हातात आल्यावर मात्र ते सगळं एका दिशेला जातं.

ही डीड्स आणि प्रोबेटचे (मेलेल्याच्या इस्टेटीच्या कोर्टातल्या फाइलींचे) स्कॅन फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघता येतात, नुसतं अकाउंट काढायचं. हल्ली हस्ताक्षराच्या आतलं शोधायची सोयही आहे, मशीन वाचतं, चुकतं पण सापडवून देतं. इंडेक्समध्ये फक्त विकणारा आणि घेणारा असतो, साक्षीदार, शेजारी, हे सगळं आतच असतं.

आता बाकीचे खड्डे, ज्यात मी स्वतः पडलोय तेवढेच.

तारखा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे जवळजवळ आपल्या पाडव्याच्या सुमारास. त्यामुळे एप्रिल १६९० ला एक मूल आणि फेब्रुवारी १६९० ला दुसरं, असं दिसलं की लोक दोन बायका कल्पून घर फोडतात. तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६९१ चा, दहा महिन्यांनी, सगळं ठीक आहे. शकाचं इसवी करताना ७८ मिळवायचे की ७९ हा घोळ ज्याने घातलाय त्याला हे लगेच पटेल. जुने कारकून म्हणूनच १६९०/९१ असं लिहायचे, ते तसंच उतरवा, स्वतः सुधारू नका, नाहीतर पुढचा परत एकदा सुधारतो. आणि ‘पहिला महिना’ लिहिलं असेल तर तो मार्च, जानेवारी नव्हे, ट्रीचं सॉफ्टवेअर हे डोळे झाकून चुकवतं. १७५२ च्या सप्टेंबरात २ नंतर थेट १४ तारीख आली ते वेगळंच, वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या कागदावर ११ फेब्रुवारी १७३१/३२ आणि आपण म्हणतो २२ फेब्रुवारी १७३२, ते यामुळेच.

शब्द. ज्युनियर म्हणजे मुलगा नव्हे, गावात त्याच नावाचा दुसरा वयाने मोठा माणूस आहे एवढंच, तो पुतण्या असेल नाहीतर काहीच नातं नसेल, आणि मोठा मेला की ज्युनियर सीनियर होतो. कझिन म्हणजे बऱ्याचदा पुतण्या-भाचा. सन-इन-लॉ म्हणजे कधी जावई, कधी सावत्र मुलगा. छापील पुस्तकात लग्नापुढे ‘इंट’ दिसलं तर ती लग्नाची जाहीर नोटीस, लग्न झालंच असं नाही. बाप्तिस्म्याची तारीख जन्म म्हणून टाकू नका, काही जण मोठेपणी आपल्या पोरांबरोबर एकाच रविवारी बाप्तिस्मा घ्यायचे.

थडगी. १६९० च्या माणसाचा दगड चकचकीत पॉलिश केलेला ग्रॅनाइट असेल तर तो नंतर नातेवाईकांनी उभारलाय, त्यावरची तारीख म्हणजे त्या नातेवाईकांची समजूत. त्या काळचा दगड काळसर स्लेटचा, वर पंख असलेली कवटी कोरलेली. आणि फॅमिली बायबल, ज्यात जन्म-मृत्यू लिहायची रीत होती, त्याचं पहिलं पान आधी बघा. बायबल छापलंय १८२० नंतर आणि त्यात १७५० पासूनचे जन्म एकाच शाईत, एकाच हाताने, म्हणजे कोणीतरी बसून आठवून लिहिलंय. तरी बायबलची पानं टाकाऊ नाहीत, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी लग्न सिद्ध करायला ती फाडून पेन्शनच्या अर्जाला जोडलेली आहेत, नॅशनल आर्काइव्हजमध्ये बघायला मिळतात. १८३२ आणि १८३६ च्या कायद्यांनंतरच्या फाइली सोन्यासारख्या, म्हाताऱ्याने कोर्टात शपथेवर कुठे जन्मलो, कुठे राहिलो सगळं सांगितलेलं असतं. अर्थात पन्नास वर्षांनी सांगतोय हे धरून चाला.

जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. १७९० ते १८४० फक्त घरातल्या मुख्य माणसाचं नाव आणि बाकीचे नुसते आकडे, घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून (गुलाम सोडून), आणि मुख्य माणसाशी नातं काय ते १८८० पासून. १७९० ची व्हर्जिनियाची आणि न्यू जर्सीची यादी तर राहिलीच नाही. दक्षिणेकडे बऱ्याच काउंट्यांची कोर्टंच जळाली, तिथे टॅक्सच्या याद्यांवर दिवस काढावे लागतात, तो माझा प्रांत नाही.

डीएनएबद्दल सगळे विचारतात. सूनबाईंनी केली टेस्ट, पण १६७० चा माणूस दहा-बारा पिढ्या वर, तिथपर्यंत नेहमीच्या टेस्टमध्ये एकेका पूर्वजाचं काही शिल्लक असेलच असं नाही, आणि मॅच आला तरी तो याच फांदीतून आला कशावरून? बाप-मुलगा-बाप अशी सरळ पुरुषांची लाइन असेल तर वाय डीएनएचा, जो बापाकडून फक्त मुलग्यांना मिळतो, उपयोग होतो. आमच्या विणकराची तशी लाइन सूनबाईंच्या मामांपर्यंत येते, ते टेस्टला तयार नाहीत, म्हणतात आठशे वर्षं राजा होता तो तू घालवलास, आता अजून काय काढणार.

ट्रीची सध्याची स्थिती. बापाच्या चौकोनात जॉन, खाली डीड, वाटणी आणि दोन्ही याद्यांचे फोटो. त्या सभ्य बाईने नंतर स्वतःहून आणखी अकरा जणांना मेसेज केले, त्यातल्या चौघांनी बदललं. मेरीचं माहेरचं आडनाव अजून रिकामं आहे, साइट रोज तीन तीन हिंट देतेय, तिन्ही वेगळ्या. १७०२ च्या त्या डीडवर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यातला एक मेरीचा भाऊ असू शकेल. त्याच्या बापाची फाइल उघडलीय, अक्षर भयानक आहे.